पश्चिमेच्या खोलीतला चहा

परभणीच्या बांधकाम कार्यालयात मी रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी श्री. भास्करराव वालूरकर यांनी भर दुपारी माझी वरात काढली. पुढे स्कूटरवर साहेब, मागे मी आणि माझ्या काखेत दोन घडीच्या खुर्च्या. इमारतींच्या ऊर्जा-नियमांची तपासणी साहेब सकाळच्या गारव्यात कधीच करीत नसत. उन्हाळ्यातली दुपार आणि पश्चिमेची खोली, हा त्यांचा मुहूर्त. तिथे ते मालकांना शेजारी बसवून चहा पाजत. मग भिंत किती तापते आणि छत किती उष्णता खाली सोडते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

आज साठी पूर्ण करणारे साहेब नियमाला कमालीचे कडक. छतावर उष्णता अडवणारा थर नाही म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्यांच्या मंगल कार्यालयाचा नकाशा परत पाठवला. वहिनींनी धरलेला अबोला तो थर पडल्यावरच सुटला. परंतु साहेबांविषयी मला खरा आदर वाटला तो नियम त्यांच्या हातात नसताना.

ताडकळसला ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह उभे राहत होते. संस्थेच्या अध्यक्षांना रस्त्याच्या बाजूला, म्हणजे नेमक्या पश्चिमेला, शहरासारखी काचच काच हवी होती. एका खोलीला ती बसलीही. इमारत लहान, त्यामुळे ऊर्जा-नियम तिला लागू नव्हते. अध्यक्षांनी ते बजावले, तेव्हा साहेब म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. मी अडवू शकत न्हाई. फक्त दुपारी चहाला येतो."

आम्ही गेलो. त्या काचेच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, दार लोटले. चहा येण्याआधीच अध्यक्षांचा सदरा पाठीला चिकटला.

"साहेब, लय उकडायलंय. बाहेर बसू की."

"आपण बसू बाहेर. लेकरं कुठं जातील? त्यांचे मायबाप तर फडात असणार."

अध्यक्ष उठले नाहीत. मान पुसत त्यांनी चहा तिथेच संपवला आणि दुसऱ्या दिवशी काच उतरवायला माणसे लावली. पश्चिमेला जाड भिंत आली, लहान खिडक्या आणि रुंद छज्जे आले. छतावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसले. साहेबांनी याचा कुठे उल्लेखही केला नाही. मला मात्र तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

गेल्या चैत्रात आम्ही पुन्हा तिथे गेलो. सवयीने मी खुर्च्या घेतल्याच होत्या. पश्चिमेच्या खोलीत एक चिमुरडी भर दुपारी आईचे लुगडे पांघरून गाढ झोपली होती. साहेबांनी दारातच चपला काढल्या, तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मला हातानेच खुणावले, खुर्च्या नकोत.

साहेब, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. उन्हात हिंडताना डोक्याला रुमाल तेवढा बांधत चला. आणि खुर्च्या न मांडताच परत यावे लागेल, अशा खोल्या आपल्या जिल्ह्यात गावोगाव आपणांस पाहायला मिळोत.