सरकारी गोदामाच्या बादल्या

तीर्थपुरीत माझ्या कापसाच्या गोदामाला लागून सरकारी धान्याचं गोदाम होतं. तिथल्या राखणदाराला पाहिलं की माझा जळफळाट व्हायचा. रोज सकाळी तो आग विझवायला टांगलेल्या, वाळूनं भरलेल्या बारा लाल बादल्या उतरवायचा, वाळूत कोपरापर्यंत हात घालून खडे वेचायचा. माझ्या बादल्यांत माझीच माणसं पानाच्या पिचकाऱ्या मारायची.

"तुमच्या गोदामाचा विमा कुठं काढलाय?" मी एकदा विचारलं.

"सरकार विमा काढत न्हाई, शेठ. येवढाली गोदामं हायेत, सगळी काय एकदम जळतेत? एखादं जळालं तर सरकार आपल्याच तिजोरीतून भरतं."

"मंग तू कशाला येवढा मरून राह्यला?"

"म्हणून काय जळू द्यायचं?" वर न बघताच तो म्हणाला.

विम्याचा हप्ता वेळेवर भरूनही मला झोप नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या कापसानं पेट घेतला. माझी माणसं बाहेर पळाली. हा राखणदार मात्र दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत शिरला. त्याच्या बाराही बादल्या रिकाम्या झाल्या तेव्हा आग विझली.

चार दिवसांनी विमा कंपनीचे साहेब पाहणीला आले. "आग कोणी विझवली?"

राखणदार शेजारीच नवी वाळू निवडत होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

"आमच्या माणसांनी," मी म्हणालो.

त्यानं ऐकलं, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या बादल्या कुणीतरी धुऊन, निवडलेल्या वाळूनं भरून ठेवल्या होत्या. मला लाज वाटायला हवी होती. माझा पुन्हा जळफळाटच झाला.