कात्रीताईचा शब्द आणि बाईंची नवी कादंबरी

आमच्या रस्त्यावरच्या बायकांची खरी वयं दोनच ठिकाणी कळतात. एक त्यांच्या जन्मदाखल्यात आणि दुसरं माझ्या खिडकीखाली, कात्रीताईच्या पार्लरमध्ये. दाखला कुणी दाखवत नाही आणि ताई कुणाचं काही सांगत नाही. माझ्या पोटात मात्र काही राहत नाही, हे आमच्या ह्यांना लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. तेव्हा आज ताईचंच सांगते. तिच्या वाचनात आलं तर पुढच्या खेपेला ती मला कोपऱ्यातल्या डुगडुगत्या खुर्चीत बसवेल. बसवू दे.

कात्रीताई हे नाव तिच्या हातातल्या कात्रीवरून पडलं असं तिला वाटतं. आम्ही ते जिभेवरून ठेवलंय. मी एकदा हौसेनं विचारलं, "ताई, माझे केस अगदी लहान करायचे का गं?" तिनं मला आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं आणि म्हणाली, "कोबीचा गड्डा दिसशील, वरची." मी तिच्या डोक्यावर राहते म्हणून मी 'वरची'. एक मुलगी नटीचा फोटो घेऊन आली तर ताई म्हणाली, "केस करून देईन. नाक तुझं तुलाच आणावं लागेल."

तरी खुर्च्या रिकाम्या नसतात. त्याचं कारण असं, की ताईनं एकदा "शोभतंय" म्हटलं की ते शोभतंच. मग ते गिऱ्हाईक घरी जायला मुद्दाम लांबचा रस्ता धरतं. कौतुक कुठेही विकत मिळतं हो, खरं कुठे मिळतं? ताईचं सगळं दुकान त्या एका शब्दावर उभं आहे. शांपू, ड्रायर, फिरत्या खुर्च्या काय, कोणाकडेही असतात.

दुसरं कारण कादंबऱ्या. टॉवेलांच्या कपाटात वरचा एक खण पुस्तकांचा आहे. डोक्याला रंग लावला की अर्धा तास नुसतं बसून राहावं लागतं, तेव्हा जिचा नंबर यायचा असेल तिनं मोठ्यानं वाचायचं, असा रिवाज. पुस्तक घरी न्यायचं नाही. त्यामुळे नायक-नायिकेचं भांडण ऐन रंगात आलं की पुढचं ऐकायला बायका लवकर लवकर रंग लावायला येतात. कधी कधी आमच्या रस्त्यावर औषधाला पांढरा केस सापडत नाही.

त्या खणातली अर्ध्याहून जास्त पुस्तकं एकाच लेखिकेची. तिला आम्ही सगळ्या नुसतं 'बाई' म्हणतो, आमच्याच घरातली असल्यासारखं. "बाईंचं नवीन आलं का गं?" हे आमच्याकडे "कशी आहेस?"च्या जागी चालतं.

ताईचं आणि बाईंचं नातं मात्र नुसतं वाचण्याचं नाही. ते मला ठाऊक आहे, कारण तेव्हाही मी वरच राहत होते आणि तेव्हाही मला खिडकी होती. ताई तिशीत असताना एक विमा एजंट तिच्यावर लट्टू झाला होता. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका, हसला की बरा दिसायचा, आणि भांग इतका सरळ की ताईच्या नजरेत आधी तोच भरला असणार. रोज संध्याकाळी समोर उभा राहून दुकानाची पाटी वाचायचा. पाटीवर शब्द दोनच होते. शेवटी एकदाचं त्यानं लग्नाचं विचारलं आणि ताईनंही मान डोलवली. पण मग त्यानं पुढचं वाक्य टाकलं : "आता दिवसभर उभं राहून लोकांची डोकी धुवायची काय गरज? दुकान बंद करून टाक. मी आहे ना."

त्या दिवसांत ताई बाईंची एक कादंबरी वाचत होती. त्यातली फुलं विकणारी नायिका नायकाला सांगते, "मी येईन, पण दुकानाची किल्ली माझ्याच पर्समध्ये राहील." ताईनं हे वाक्य जसंच्या तसं एजंटला ऐकवलं. कादंबरीतला नायक ते ऐकून हेलावला होता. आमचा एजंट हेलावला नाही. त्यानं बदली मागून घेतली.

ताई एक दुपार रडली आणि दुसऱ्या दिवशी शटरला नवा रंग दिला. मला म्हणाली, "बाई पाठीशी होत्या म्हणून बोलू शकले गं."

तर अशी ही भक्ती. त्यात गेल्या वर्षी बातमी आली, की बाईंच्या नव्या प्रेमकथेची नायिका पार्लर चालवणारी आहे. ताई हवेत! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "शेवटी बाईंना आपली आठवण झाली. आता बघा, कशी ठसक्यात उभी करतात तिला!" मी म्हटलं, "ताई, तुझ्यावरच लिहिलंय की काय? मग त्यात वरच्या मजल्यावरची एक सुंदर शेजारीणही असेल."

"असेल ना," ताई म्हणाली, "पहिल्याच प्रकरणात मरत असेल."

पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्लरची सुट्टी होती. खणात ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तक ताई स्वतः वाचते आणि मग निकाल देते. एरवी तिचा निकाल तासभर चालतो, हातवारे करून. यावेळी सुट्टीनंतरच्या सकाळी मी खाली गेले तर ती बेसिनपाशी पाठ करून ब्रश धूत होती.

"कशी आहे?"

"छान आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे छान आहे. तुला चहा हवाय का?"

दोन शब्द! ताईच्या तोंडून दोन शब्द म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं. मी गुपचूप चहा प्यायले आणि वर आले.

मग वाचन सुरू झालं. काय सांगू तुम्हाला! नायक मोठा कारखानदार, त्याचे डोळे भेदक. ते दर पानावर भेदत होते. नायिका पार्लरवाली खरी, पण सबंध पुस्तकात तिनं एकाही डोक्याला हात लावला नाही. ती नुसती खिडकीत उभी. त्याची गाडी आली की शहारायची, गेली की कोमेजायची. डोक्याला रंग लावलेली एकजण ऐकता ऐकता घोरायला लागली. पण कुणी एक अक्षर बोलेल तर शपथ. ताई वर्षभर ढोल बडवत होती, आता तिच्या तोंडावर कोण सांगणार? एक म्हणाली, "कागद छान वापरलाय." दुसरी म्हणाली, "अक्षर मोठं आहे, बरं पडतं." मी म्हटलं, "मुखपृष्ठावरची खिडकी फार जिवंत वाटते." आणि प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "ऐका तर पुढे, पुढे रंगते."

ती काही रंगली नाही, आणि बायकाही रंगवायला यायच्या कमी झाल्या. खिडकीतून बघते तो काय, सगळ्यांच्या भांगात पांढरी रेघ. ही म्हणते "वेळच मिळत नाही", ती सांगते "डोकं दुखतं". मला खरं कारण दिसत होतं, पण पहिल्यांदाच मी तोंड मिटून होते. आमचे हे म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

मग उजाडला तो शनिवार.

कॅशियरकाकू आल्या होत्या. काकूंनी उभी हयात बँकेच्या काचेमागे काढली, आणि त्या काचेमागे गिऱ्हाइकांना दिसायची ती त्यांची वेणी. कमरेच्या खाली जाणारी. आता निवृत्त होत होत्या. म्हणाल्या, "पुरे झालं हे ओझं. मानेपर्यंत कापून टाकायचेत." घरात सून नको म्हणत होती, मुलगा नको म्हणत होता, बहिणीनं फोनवर रडून दाखवलं होतं. काकूंचं एकच : "ताई सांगेल ते."

ताईनं वेणी सोडली, केस खांद्यावर घेतले, दुमडून मानेपाशी धरले. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "शोभतील. कापूया."

काकूंनी मान डोलवली. "वरची, तू वाच गं तोवर," ताई मला म्हणाली. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बाकावर तिघी बसलेल्या, एकीच्या डोक्यावर रंग. मी पुस्तक उघडलं आणि वाचू लागले :

"तिच्या थरथरत्या ओठांवर शब्द उमटेनात. तिनं पार्लरच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या ओंजळीत ठेवला. 'घ्या,' ती अस्फुट स्वरात म्हणाली, 'इतकी वर्षं मी उगाचच उभी होते.' त्यानं तो जुडगा दूर नदीत भिरकावला. तिच्या डोळ्यांत कृतार्थतेचे अश्रू..."

मी थांबले. मला एकदम तो विमा एजंट आठवला, त्याच्या सरळ भांगासकट. मी ताईकडे बघितलं. ती काकूंचे केस विंचरत होती. विंचरून झालेलेच पुन्हा विंचरत होती.

"संपलं?" बाकावरच्या एकीनं विचारलं.

"संपलं."

"छान आहे हं," ती म्हणाली.

"छान आहे," दुसरी म्हणाली.

"पुढे रंगतेच म्हणाले होते ना मी," ताई म्हणाली आणि तिनं कात्री उचलली.

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी केस दोन्ही हातांनी धरले. "ताई, ही कादंबरी तुला खरंच चांगली वाटली?"

"हो. का?"

"मग माझे केस राहू देत."

कुणीतरी ड्रायर बंद केला.

"म्हणजे काय काकू?"

"म्हणजे असं, की चाळीस वर्षं खऱ्या-खोट्या नोटा बोटांनी ओळखल्यात मी. हे पुस्तक टुकार आहे. पोरगी किल्ल्या नदीत टाकू देते आणि वर रडते! ते तुला छान वाटत असेल तर तुझ्या 'शोभतील'ला मी काय समजू? आणि वाटत नसूनही म्हणत असशील, तर मग तर झालंच."

मला आयुष्यात प्रथमच जिथे होते तिथून घरी जावंसं वाटलं. ताईला एवढं कुणी बोललं नव्हतं. ती लाल झाली. मला वाटलं आता काकूंच्या गळ्याभोवतीचा पार्लरचा कपडा काढून त्यांना दार दाखवते.

तिनं कात्री खाली ठेवली. खुर्ची गर्रकन आमच्याकडे वळवली, काकूंसकट.

"टुकार आहे," ताई म्हणाली. "टुकाराहून टुकार आहे. रात्री वाचून झाल्यावर भिंतीवर फेकून मारणार होते, पण हात उचलेना. बाईंचं पुस्तक ना!"

"मग छान का म्हणालीस?" मी.

"वर्षभर तोंड वाजवलं ते कुठे लपवू? आणि..." ती माझ्याकडे वळली. "एजंट आठवतो ना तुला? दोन रात्री मी विचार करत होते. ज्या बाईंच्या जिवावर मी त्याला नको म्हटलं, त्याच आता म्हणतात, उगाचच उभी होतीस. म्हटलं, चुकलंच का काय माझं?"

"आणि?"

"आणि काय! सकाळी उठून शटर उघडलं. आतला तो शांपूचा वास आला, आणि कळलं. बाई चुकल्या. मी नाही."

बाई चुकल्या! हे शब्द त्या दुकानात उच्चारले जातील असं कुणी सांगितलं असतं तर मी पैज हरले असते. आणि मग जो धरणाचा दरवाजा उघडला! "अगं, मी तर तिसऱ्या प्रकरणातच झोपले होते!" "ती खिडकीत उभी असते तेव्हा गिऱ्हाइकं कोण बघतं?" "कारखानदाराला कारखान्यात काही काम नाही का?" रंगवाली तर उठून उभीच राहिली, "आणि ते भेदक डोळे! माझ्या नवऱ्यानं असं बघितलं तर मी डॉक्टरकडे नेईन!" तेव्हा कुठे बाहेर आलं, की ताईला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळ्या खोटं बोलत होतो, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून ताई.

"तुम्हीसुद्धा?" ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "कागद छान आहे काय! लबाड बाया! वरची, तुझी ती जिवंत खिडकी!"

"तू काय दिवे लावलेस गं?" मी म्हटलं.

या गोंधळात काकू अजून केस मुठीत धरून बसल्या होत्या. "तुमचं होऊ दे," त्या म्हणाल्या, "पण माझं काय?"

ताईनं खुर्ची परत आरशाकडे फिरवली. "काकू, पुस्तक छान आहे असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कुठे बघत होते?"

"मला काय माहीत?"

"बेसिनमध्ये," मी सांगितलं. "पाठ करून. मी साक्षीला आहे."

"आणि आता?" ताईनं विचारलं.

काकूंनी आरशात पाहिलं. ताई आरशातून सरळ त्यांच्याकडे बघत होती, किल्लीचं वाक्य ऐकवताना एजंटाकडे बघितलं असेल तशी.

"मानेपर्यंत शोभतील," ताई म्हणाली. "त्याहून वर नाही. तुमचे कान मोठे आहेत."

"कान मोठे आहेत?"

"आहेत. वेणीमुळे आजवर कुणाचं लक्ष गेलं नाही."

काकूंनी मुठी सोडल्या. "काप," त्या म्हणाल्या.

वेणी पुन्हा घालून ताईनं ती वरून बांधली आणि कात्री चालवली. एका दमात होईना, केस इतके दाट. आम्ही चौघी मान लांब करून बघत होतो. वेणी कापून हातात आली तशी ताईनं ती काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी ती एकदा चाचपली, बाजूला सारली आणि मान इकडे वळवून बघितली, तिकडे वळवून बघितली.

"बरी दिसतेय की गं मी!" त्या म्हणाल्या. "मागून कसं आहे?"

ताईनं मागे दुसरा आरसा धरला आणि डोळे बारीक केले.

"मागून भयंकर आहे," ती म्हणाली. "हलू नका. अजून झालं नाही माझं."