उंच घोड्या

माझा थोरला भाऊ गाडीखाली जाण्याआधी गाडी हलवून बघायचा. जॅकनं उचललेल्या गाडीच्या चासीखाली आधाराला लोखंडी घोड्या लावून झाल्या, की खांदा लावून तीन हिसके द्यायचा आणि मगच पाठीवर आडवा होऊन आत सरकायचा. ही खोड बापाची. आम्ही मूळचे माण भागाकडचे मेंढपाळ. मेंढरं बसवायला जाळीचं कुंपण करतात, त्याला वाघूर म्हणतात. बाप त्या वाघुरीची एकेक मेख हलवून बघायचा आणि मग मेंढरं आत घालायचा. बाप गेला, मेंढरं विकली, आम्ही दोघांनी पलूसला येऊन गॅरेज टाकलं. ती खोड भावाबरोबर आली. माझ्याबरोबर माझी जीभ आली.

गॅरेज चालायचं ते त्याच्या हातावर आणि माझ्या तोंडावर. तो वेल्डिंगला बसला की पाणी मागायलाही विसरायचा. गिऱ्हाईक मी सांभाळायचो, आणि गिऱ्हाईक हसलं पाहिजे म्हणून बहुतेक वेळा भावाचीच टिंगल करायचो. चाळिशी गाठली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं, तेवढं एकच पुरायचं. तोही हसायचा. निदान मला तसं वाटायचं.

मग आमच्याकडच्या तरण्या पोरांत जीप उंच करून घ्यायचं खूळ आलं. स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, मोठे टायर घालायचे, आणि चढताना म्हाताऱ्या माणसाला खालून ढकलावं लागेल एवढी गाडी वर न्यायची. रस्ता सगळा उसाच्या फडातला, पण ऐट मात्र डोंगर चढण्याची. आमची अडचण अशी की आमच्या साध्या घोड्या शेवटच्या भोकापर्यंत ओढल्या तरी चासीपासून वीतभर खालीच राहायच्या. मी त्यांच्या बुडाशी लाकडी ओंडके द्यायचो आणि काम भागवायचो. भावाला ते बघवत नव्हतं.

"घोडीला पाय चार आस्त्यात, ते भुईवर पायजेत," तो म्हणायचा. "ओंडक्यावर न्हाई."

तो सांगलीला जाऊन आला, मिरजेला, कराडला. दुकानदारांनी दाखवल्या त्या सगळ्या आमच्यासारख्याच. एवढी उंच घोडी कुणी मागतच नाही म्हणाले. शेवटी त्यानं स्वतःच करायच्या ठरवल्या. बोअरची जुनी केसिंग पाइप आणली, मोडक्या ट्रॉलीची लोखंडी चॅनेल कापली, बूड असं रुंद धरलं की दोन माणसांनी ढकलून घोडी कलंडू नये. चार घोड्यांना महिना लावला. झाल्यावर उसानं भरलेली ट्रॉली दोन दिवस त्यांच्यावर उभी करून ठेवली. एकाही पायाला बाक आला नाही. तो पायांवरून हात फिरवत बसला, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, "वरातीला घोड्या चार झाल्या दादा, नवरीचं तेवढं बघ." गॅरेज खदखदून हसलं. त्यानं घोड्या उचलून एका रांगेत भिंतीला लावल्या.

त्या वर्षी खंडेनवमीला पूजा मी मांडली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पूजेला लावतात, आणि दसरा होईपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावत नाहीत. मी काही देवभोळा नव्हे. पण त्या चार उंच घोड्या मी मुद्दाम मधोमध बसवल्या, झेंडूच्या माळा घातल्या, मुंडावळ्यांसारख्या दोन लडी सोडल्या. गंमत म्हणून. भावानं पाहिलं आणि नारळ फोडला.

दुपारी एक तरणा पैलवान उंच जीप घेऊन आला. मागचा पाटा तुटला होता, आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत त्याला गाडी पाहिजेच होती. भाऊ म्हणाला, "परवा ये." पैलवान माझ्याकडं बघायला लागला. गिऱ्हाईक माझं खातं. मी म्हणालो, "व्हईल."

भावानं माझ्याकडं पाहिलं, मग पूजेकडं. "करायचं आसंल तर त्या उंच घोड्या काढ," तो म्हणाला. "देव समजून घील. पूजा परत मांडू."

एवढं सोपं होतं. चार माळा बाजूला करायच्या. पण तो शहाणपणाचं बोलला, तेही परक्यासमोर, आणि माझ्या अंगात भलतीच भक्ती शिरली. मी म्हणालो, "पूजेतलं हत्यार उचलतोस व्हय रं? बाप आसता तर पायताण घेतलं आसतं. जुन्या घोड्या हायत की. त्यास्नी कुठं कुंकू लावलंय?" जुन्या घोड्या आम्ही कोपऱ्यात टाकल्या होत्या, पूजेला लावल्याच नव्हत्या. म्हणजे त्या वापरायला नियमाची आडकाठी नव्हती. पैलवानानं मान डोलावली. मी ओंडके मांडले, वर जुन्या घोड्या ठेवल्या, गाडी टेकवली, मागचं चाक उतरवलं.

भाऊ खांदा लावायला पुढं झाला. त्याला हलवून बघायचं होतं. मी म्हणालो, "झालं का ह्याचं सुरू. नवरीसारखा लाजू नकोस, जा आत." पैलवान हसला. भावाचा खांदा गाडीपर्यंत गेला होता, तो त्यानं मागं घेतला आणि तो आत सरकला.

ओंडका फिरला त्याचा आवाजसुद्धा मोठा आला नाही. चासी खाली आली आणि त्याचा उजवा हात तिच्या आणि ओंडक्याच्या मधे सापडला. तो ओरडला नाही. "जॅक मार," एवढंच म्हणाला. मी जॅक मारत होतो आणि समोर त्या चार घोड्या माळा घालून उभ्या होत्या.

सांगलीच्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला. बघायला माणसं यायची, पलूसची, माणकडची, आणि प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं. मी सांगायचो, "काय सांगू. रोज हलवून बघणारा माणूस, त्या दिवशी नेमका इसरला." खोटं नव्हतं ते. त्यानं हलवून बघितलं नव्हतंच. पलंगावर तो डोळे मिटून पडलेला असायचा. मला वाटायचं, झोपलाय. आठ दिवसांत पंधरा-वीस जणांना तरी मी तेच सांगितलं, आणि सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला.

बरा झाल्यावर तो गॅरेजला येऊन बसायला लागला. वेल्डिंग सुटलं. लग्नाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, मीही नाही. आता गाडीखाली मी जातो. उंच जीप आली की त्याच्याच घोड्या लावतो, चारी पाय भुईवर. मी पाठीवर आत सरकतो, आणि मग मला त्याच्या चपला दिसतात. तो उठून गाडीपाशी आलेला असतो.

मी आत गेल्यावर तो खांदा लावतो. एक हिसका, दोन, तीन. वरची वाळलेली माती माझ्या डोळ्यांत पडते. चासी माझ्या छातीच्या हातभर वर असते. मला भीती वाटते. इतक्या वर्षांत ती कमी झालेली नाही.

"बसलीय का रं नीट?" तो वरून विचारतो.

"बसलीय, दादा."

गेल्या महिन्यात मात्र मला राहवलं नाही. डोळे चोळत मी खालूनच म्हणालो, "दादा, हलवायचं ते मी आत यायच्या आधी हलवत जा की. तूच शिकिवलंस न्हवं."

चपला गाडीच्या आणखी जवळ आल्या.

"ध्यानात ऱ्हात न्हाई गड्या," तो म्हणाला. "म्या इसरतो. तूच सांगितलंस न्हवं समद्यास्नी."

आणि त्यानं परत खांदा लावला.