मागच्या बाकापर्यंत

“ती कसली बोलतेय! आमेनसुद्धा मनातल्या मनात म्हणते.” मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. बोलणं माझ्याबद्दल होतं, आणि खरं होतं.

पुढे पाळकसाहेब उभे होते. तरुणपणी ते मिरकरवाडा बंदरात मासळीचे लिलाव पुकारायचे. तो आवाज त्यांनी तसाच चर्चमध्ये आणला. प्रार्थना झाली की विचारायचे, “मागे पोचलं काय?” मला माझ्या इंग्रजी शाळेनं हळू बोलणं म्हणजे सभ्यपणा असं शिकवलेलं. दर रविवारी दारात हात मिळवताना ते म्हणत, “आवाज बर्फात घालून ठेवलास काय गो?” मी नुसती हसायची.

कोरोनाच्या लाटेत माझे पप्पा गेले. आई आणि मी कबरस्थानाच्या फाटकाबाहेर. आत जायला परवानगी नव्हती. पाळकसाहेब मात्र प्लॅस्टिकच्या पोशाखात कबरीपाशी गेले. तोंडावर मास्क असूनही त्यांनी पप्पांचं नाव असं पुकारलं, की फाटकाला टेकलेली आई ताठ उभी राहिली.

तेव्हापासून दर वर्षी त्या आठवड्यात ते कोरोनात गेलेल्यांच्या स्मरणाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, घेत. उभं राहून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि तो कसा होता ते सांगायचं. कुणी ऑक्सिजनच्या गोष्टीवर गेलं की ते अडवत, “मरण त्या साली सगळ्यांचं सारखंच. जगणं सांग रे, जगणं!” आमच्या घरातून आई बोलायची. मी तिच्या शेजारी मान खाली घालून.

यंदा त्यांची बदली झाली होती, ही त्यांची इथली शेवटची स्मरणभक्ती. पहिल्यांदाच ते स्वतःबद्दल बोलले. “लोक विचारायचे, देवानं असं का केलं? माझ्याकडे नुसता घसा होता, तो वापरला.” पाणी प्यायले. मग थेट माझ्याकडे बघून म्हणाले, “जाण्याआधी एक आवाज ऐकायचा राहिलाय. ऐकव गो.”

आई जागची हलली नाही. मी उठले.

“माझे पप्पा. प्रकाश.”

“मागे पोचलं काय?”

“नाही!” मागचा अख्खा बाक ओरडला.

मी वळून त्या बायकांकडेच तोंड केलं.

“माझे पप्पा, प्रकाश! हातखंब्याच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली की ढकलता ढकलता नाताळची गाणी म्हणायचे! भर मे महिन्यात! आणि बेसूर!”