साडभाऊ आणि माझ्या गाडीचं छत

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात हेवा करावा असा माणूस मला एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. परक्याचा हेवा करणं सोपं असतं, कंटाळा आला की सोडून देता येतो. साडभाऊचा हेवा मात्र सणावारी, लग्नाकार्यात, त्याच्याच शेजारी पंगतीला बसून करावा लागतो. त्यात हा थोरला जावई. कळंबला सासऱ्यांकडे पहिलं ताट त्याचं, हात पुसायला नवा टॉवेल त्याला, आणि माझ्या बायकोच्या तोंडी उठताबसता "आमचे भाऊजी" तोच.

धंदेही आमचे एकमेकांना चिकटून. मी आर्णीला गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतो. तो घाटंजीला गाड्यांची छतं आणि दारांची आतली पॅडं उतरवायचा, जुनं कापड सोलून काढायचा आणि सोल्युशन लावून नवं चिकटवायचा. माझ्या कामावर लोक बसतात, त्याच्या कामाकडे मान वर करून बघतात. सासऱ्यांच्या जुन्या मोटारीत बसलं की सगळं घर छताची तारीफ करायचं, आणि मी शिवलेल्या ज्या सीटवर बसून ही तारीफ चालायची ती सीट जणू आपोआप उगवली होती. "भाऊजींनी नुसता हात फिरवला की सुरकुती जाते," असं बायको एकदा म्हणाली. त्या दिवशी मी आरशापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

आणि त्याचे नखरे तरी किती! सोल्युशन लावलं की लगेच कापड टाकायचं नसतं, ते थोडं सुकू द्यावं लागतं. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकानं मध्ये हात घालू नये म्हणून तो त्याला समोर बसवून गोष्ट सांगायचा. अधूनमधून बोटाच्या मागच्या बाजूनं सोल्युशन चाचपायचा आणि ते बोटाला लागेनासं झालं की गोष्ट संपली. पावसाळ्यात त्याचा राजा शिकारीला जायचा, वाट चुकायचा, दोन लग्नं करायचा. मे महिन्यात तोच राजा चार वाक्यांत मरायचा. एक कापसाचे व्यापारी नुसती सबंध गोष्ट ऐकायला पुन्हा श्रावणात आले आणि धडधाकट दारांची पॅडं बदलून गेले. माझ्याकडे असं कुणी कधी आलं नाही.

त्याचं दुकान कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. हंगामात रुई उडायची आणि ओल्या सोल्युशनवर बसायची. मग वरच्या कापडाखाली बारीक गुठळी उठायची आणि हा तिकडच्या कापूसवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ओल्या चादरी टांगून, दारं लावून, घामाघूम होऊन काम करायचा. पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, बोंडं किडली, जिनिंग महिनोन्महिने बंद राहायला लागलं. त्या वर्षांत त्यानं केलेली छतं आरशासारखी साफ होती. मी मनातून जळत म्हणालो, "भाऊ, काम तर एक नंबर झालं." तो छताकडे बघत म्हणाला, "हवेत काईच उडून नाही राह्यलं ना, साडभाऊ."

आता माझ्या गाडीचं सांगतो. मी एक जुनी व्हॅन घेतली होती. दोन उन्हाळ्यांत तिच्या छताचं कापड सुटून माझ्या डोक्यावर आलं. कापडामागच्या फोमचा पिवळा भुगा केसांत पडायचा. एका लग्नात मला बघून कुणीतरी विचारलं, हळद नवरदेवाची आहे ना? पण साडभाऊला "छत करून द्या" म्हणणं म्हणजे त्याचा हात माझ्या हातापेक्षा सरस आहे हे बायकोसमोर कबूल करणं. मी टाचण्या लावल्या, त्या निसटल्या. टाके घातले, ते उसवले. शेवटी शेजारी बसून बायको हात वर करून कापड धरायची आणि घाटंजी येईपर्यंत मला बोलायची. तो गाडीला वळसा घालायचा, एकदा आत डोकावायचा आणि चहा मागवायचा. मी विचारत नव्हतो आणि तो स्वतःहून म्हणत नव्हता.

हात आखडले की माणूस आधी छताचा खर्च टाळतो. फाटकी सीट टोचते, म्हणून माझ्याकडे थोडंफार काम येत राहिलं. त्याच्याकडे येईना. मला आनंद व्हायला हवा होता आणि खोटं कशाला सांगू, आठवडाभर झालाही. मग कळलं की तो दुकान बंद करून नागपूरला दुसऱ्याच्या दुकानात कामाला चालला आहे. हेवा करायलासुद्धा माणूस जवळ लागतो. मी तडक व्हॅन काढली, घाटंजीला गेलो आणि बायकोच्या देखत म्हणालो, "भाऊ, जायच्या आधी माह्यं छत करून द्या."

त्यानं आत हात घालून लोंबतं कापड तळव्यावर तोललं.

"आता नाही करत, साडभाऊ," तो म्हणाला. "हे केलं म्हंजे इथलं माह्यं सारंच काम संपलं. राहू द्या असंच. वापस आलो का पयलं हेच करीन. तवर दुसऱ्या कोनाले हात नोका लावू देऊ."

तो गेला. तिथला मालक म्हणे मोठ्या गाड्या त्याच्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही. सासऱ्यांनी हे मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा रीतसर जळलो. आर्णीत आता छताचं काम करणारे निघालेत. त्यातला एक ओळखीचा आहे, तो फुकट करून देतो म्हणाला, पण मी गाडीला हात लावू दिला नाही. कापड आणखी खाली आलंय. कळंबला जाताना बायको शेजारी बसून हात वर करून ते धरते, हात दुखला की बदलते, पण आता मला काही बोलत नाही.