ननंदेचा फोन आणि पानाचा डबा

आमच्यात भटजी कितीही शिकलेला असो, धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणाऱ्या बायांशिवाय लग्न लागलं असं कोणी धरत नाही. मी आणि माझी धाकटी ननंद, दोघी धवलारणी. ती ओळ उचलते, मी तीच ओळ झेलते. एकटीचं हे काम नाही, मध्ये श्वास घ्यावा लागतो. आणि एकदा उचललेला धवला मध्येच तोडायचा नसतो, मांडव पेटला तरी.

कान मंद झाले तेव्हा मुलाने मला कानातलं मशीन आणून दिलं. घरात झकास चालायचं. सुनेचं माहेरी फोनवर कुजबुजणंसुद्धा ऐकू यायला लागलं, त्यामुळे मशीन एवढं चांगलं नको होतं असं सुनेचं मत पडलं. पण ननंदेच्या खांद्याला खांदा लावून गायला बसले की कानात टर्र टर्र टर्र सुरू. बेडूक शिरल्यासारखं.

नातीचं लग्न तोंडावर आलं आणि ननंद सरावाला दिघाशीहून आमच्याकडे अंजूरला आली. पहिल्याच धवल्याला बेडूक बोलला. मी सांगून टाकलं, "बाय, तुझा आवाज फाटलाय."

"माझा आवाज हाय तसा हाय, वयनी. तुझा कान फाटलाय. दुसरी धवलारीण बघ!" असं म्हणून ती पिशवी घेऊन उठली आणि रिक्षाची वाट बघत फाटकाशी जाऊन बसली.

नात धावत बाहेर गेली. "आत्ते-आजी, तुम्ही दोघी गाणार नसाल तर मी पाटावर बसणार नाय. नवऱ्याला सांग, जा घरी."

नात माझ्यावर गेलीय, बोलली की करते. सगळ्यांचे चेहरे उतरले. ननंद परत आत आली, पण तोंड फुगवूनच.

मुलाने निदान केलं, मागच्या शेडमधल्या कापड विणायच्या लूमच्या मोटारी हवेत लहरी सोडतात आणि मशीन त्या पकडतं. लहरी अडवायला धातू लागतो. म्हणून त्याने चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणला आणि माझा अख्खा कान त्यात गुंडाळला. सून म्हणाली, "आई, कान कोणीतरी डब्यात बांधून दिल्यासारखा वाटतो." हे मला नंतर कळलं, कारण त्या कागदातून लहरी अडल्या की नाही देव जाणे, आवाज मात्र पूर्ण अडला. दिवस फार शांत गेला.

मग शुक्रवार आला. शुक्रवारी लूम बंद. कागद काढला, ननंदेशेजारी बसले. टर्र टर्र टर्र! मोटारी निर्दोष सुटल्या. आणि बेडूक ओरडतोय तोच ननंदेच्या चोळीतून फोन वाजला.

नात ओरडली, "आजी, आधी तुझ्या कानात, मग हिच्या फोनात!"

ननंद तिचा बटणांचा फोन चोळीत ठेवते आणि गाताना माझा कान तिच्या खांद्यापाशी असतो. फोन वाजायच्या आधी, मध्ये, नंतर आणि न वाजताही अधूनमधून लहरी सोडतो आणि माझं मशीन त्या खातं. मी म्हटलं, "बाय, खोट तुझ्या गळ्यात न्हाय, चोळीत हाय."

"म्हंजे माफी मागतेस का?"

"फोन बंद कर."

"बंद न्हाय करणार. म्हैस आज-उद्यात विणार. पोरगा कळवणार हाय."

फोन लांब कपाटात ठेवू म्हटलं, तर लग्नाच्या घरात चोऱ्या होतात म्हणाली. शेवटी नातीने ननंदेचाच पितळी पानाचा डबा पुढे केला. घट्ट झाकणाचा. "यात ठेव, मांडीवर घे. लहरी बाहेर येणार नायत." बाहेर येत नाहीत त्या आत तरी कशा जाणार, हे चौथी शिकलेल्या मला लगेच समजलं. पण मी पान चघळत होते.

लग्नाच्या दिवशी फोन पानांसोबत डब्यात बसला. कान स्वच्छ. ननंदेचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. देवांना बोलावण्याचा धवला रंगात आला आणि मांडवात भाचा घुसला, गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेला. "आये! फोन का लागत न्हाय तुझा? मला वाटला तू गेलीस! म्हैस व्याली!"

धवला तोडता येत नाही. ननंदेने डोळे वटारले आणि त्याच चालीत लांबवून विचारलं, "पारडी झाली का पारडा गोऽऽ?"

ओळ उचलली गेली होती. मला झेलणं भाग होतं. मी खणखणीत म्हटलं, "पारडी झाली का पारडा गोऽऽ?" मागच्या बायांनीही म्हटलं. नवरदेवाने हात जोडले.

"पारडी!" भाचा ओरडला.

"पारडी आली दारा गोऽऽ," ननंद गायली. मी झेललं. मग देव पुन्हा पुढे चालू झाले आणि नात पाटावर बसली.

जेवताना वरमाय माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पारडीचा धवला आमच्याकडं न्हाय हो. धाकट्याच्या लग्नात म्हणाल का?" ननंद लगेच हो म्हणाली. मी डब्यातून पान काढून घेतलं आणि झाकण परत घट्ट लावलं.