थोरलीनं धुतलेला भुसा

धाकटी जाऊ कारखान्यात लागली ती थोरलीच्याच शब्दावर. घ्या! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. भुशापासून प्लास्टिकसाठी लागणारं रसायन काढायचा तो कारखाना. थोरली वर्षानुवर्षं धुलाईच्या टाकीवर, कोपरापर्यंत ओली. आणि ही कालची पोर थेट रिअॅक्टरवर, कोरड्या खोलीत! वर सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमची धाकटी मशीन चालवते हो!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग आपण काय तिथं गोट्या खेळतो?

रिअॅक्टरमध्ये कॅटलिस्टचे दाणे असत. भुशाचं रसायन होई ते त्यांच्या जोरावर. दाणे महाग, आणि मिजासही तशीच. भुशातले क्षार जरा राहिले की ते दाण्यांना चिकटत आणि दाणे मान टाकत. म्हणून भुसा आधी आम्लाच्या पाण्यात धुवायचा, मग साध्या. साध्या पाण्यानं माती जाते, क्षार हटत नाहीत.

साहेब धाकटीला कायम करणार, असं कानावर आलं आणि थोरलीचं डोकंच फिरलं. त्या खेपेचा भुसा तिनं नुसत्या साध्या पाण्यातून काढला. दिसायला लख्ख. कुणाच्या बापाला कळणार होतं?

कळलं ते दाण्यांना. रसायन निम्म्यावर आलं, मग ठिबकायला लागलं. धाकटी आच वाढवून बघे, कमी करून बघे, अगदी रडकुंडीला आली. थोरली टाकीपाशी उभी राहून काचेतून बघायची आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायचं.

शेवटी साहेबांनी धाकटीला घरी बसवलं. थोरलीला म्हणाले, "आता रिअॅक्टर तुम्ही सांभाळा." बाईला स्वर्ग दोन बोटं उरला.

फाटकापाशी धाकटी तिची वाट बघत होती. डोळे सुजलेले.

"बरं झालं ताई, तुम्हाला मिळालं. साहेब भुसा तपासायला पाठवणार होते, मीच नको म्हटलं. ताईंनी धुतलाय म्हटलं, त्यात खोट निघायची नाही. चुकलं असेल ते माझंच."

थोरलीला मान वर करवेना. आजवर तिनं त्या पोरीच्या कोरड्या कपड्यांचासुद्धा हेवा केला होता. पण कुणावर असा डोळे मिटून विश्वास टाकता येतो, याचा जेवढा हेवा तिला आत्ता वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. ती तशीच मागं वळली.

"अहो ताई, कुठं निघालात?"

"साहेबांकडे. तो भुसा तपासायला पाठवा म्हणून सांगते."